निर्जन नगरांची पर्यायी चित्रीकरणस्थळे : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

माणसांनी सोडून दिलेले शहर हा चित्रपटमाध्यमाचा एक आवडता विषय आहे. युद्ध, रोगराई, अणुदुर्घटना, खाणीचा अंत किंवा धरणाचे पाणी अशा कारणांनी ओस पडलेली नगरे पडद्यावर वारंवार येतात. परंतु प्रेक्षकाला दिसणारे ओसाड नगर आणि प्रत्यक्षात ज्या ठिकाणी चित्रीकरण झाले ते ठिकाण ही दोन्ही बहुधा वेगवेगळी असतात. एका स्थळाच्या जागी दुसरे स्थळ उभे करण्याच्या या पद्धतीला प्रस्तुत लेखात ‘पर्यायी चित्रीकरणस्थळ’ असे म्हटले आहे.

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनबहुल जिल्हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. गोंडकालीन किल्ले, जुन्या कोळसा खाणी, कामगार वसाहती, जंगलातून उठलेली गावे हे सर्व येथे आढळते. त्यामुळे ‘येथे ओसाड जागांची वाण नाही’ असा समज सहज होतो. हा समज कितपत योग्य आहे, पर्यायी स्थळ नेमके कोणत्या निकषांवर निवडले जाते आणि ते निकष या दोन जिल्ह्यांना लावल्यास काय हाती लागते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पर्यायी स्थळाची गरज का भासते?

एखादे शहर खरोखरच ओस पडले असेल तर चित्रीकरणही तेथेच करावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ज्या कारणामुळे माणसे निघून गेली तेच कारण बहुतेक वेळा चित्रीकरणाच्याही आड येते.

युक्रेनमधील प्रिप्यात हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १९७० मध्ये वसविलेले हे सुमारे ४९ हजार वस्तीचे शहर चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी रिकामे करण्यात आले. २०१९ मध्ये प्रसारित झालेल्या ‘चेर्नोबिल’ या मालिकेत हे शहर दिसते. मात्र त्यासाठी लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस येथील फाबियोनिश्केस या निवासी भागाची निवड करण्यात आली. अणुकेंद्राच्या दृश्यांसाठी त्याच देशातील इग्नालिना हे बंद झालेले केंद्र वापरले गेले. येथील अणुभट्ट्या चेर्नोबिलच्याच प्रकारच्या होत्या आणि त्यांपैकी शेवटची २००९ मध्ये बंद झाली होती. यातील विशेष असा की फाबियोनिश्केस हे ओसाड नाही, तेथे आजही लोक राहतात. म्हणजे ओस पडलेल्या शहराची भूमिका एका नांदत्या वस्तीने वठविली.

जपानमधील हाशिमा या कोळसा खाणीच्या बेटाचीही हीच गोष्ट आहे. १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि काही महिन्यांतच संपूर्ण बेट रिकामे झाले. २०१२ च्या ‘स्कायफॉल’ या चित्रपटातील खलनायकाचे बेट हाशिमावरून सुचलेले आहे. परंतु ढासळत्या इमारतींमध्ये कलावंतांना नेणे धोक्याचे असल्याने तेथील प्रसंग इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यात घेण्यात आले.

धोक्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय होऊ शकते, याबाबत आंद्रेई तार्कोव्हस्की यांच्या ‘स्टॉकर’ (१९७९) या चित्रपटाचा दाखला नेहमी दिला जातो. त्याचे चित्रीकरण एस्टोनियात टॅलिनच्या परिसरातील जुन्या जलविद्युत केंद्रांजवळ झाले. नदीच्या वरच्या भागातील रासायनिक कारखान्याचे सांडपाणी तेथे येत होते आणि पुढे चित्रपटाशी संबंधित काहींना झालेल्या आजारांचे मूळ त्यात असावे, असे त्या चित्रपटाच्या ध्वनिविभागातील एका सहकाऱ्याने नंतर सांगितले. हा कार्यकारणसंबंध वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाला आहे असे नव्हे. तथापि परित्यक्त औद्योगिक जागेची निवड करताना माती, पाणी व हवा यांची तपासणी का आवश्यक ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

निवडीचे निकष

पर्यायी स्थळाच्या शोधाची सुरुवात पटकथेच्या विभागणीपासून होते. कोणत्या प्रसंगात नगराचा कोणता भाग दिसणार, पात्रे आत जाणार की बाहेरून पाहणार, दृश्य दिवसाचे की रात्रीचे, याची यादी तयार केली जाते. त्यानंतर शोध घेणारी मंडळी प्रत्यक्ष पाहणी करतात. चित्रपटव्यवसायात या पाहणीला ‘रेकी’ असे म्हणतात. पहिल्या रेकीत छायाचित्रे घेतली जातात. दुसऱ्या, तांत्रिक रेकीत छायालेखक, कला दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक आणि निर्मिती व्यवस्थापक एकत्र जाऊन जागा तपासतात. या तपासणीत पुढील बाबी निर्णायक ठरतात.

पहिली बाब म्हणजे बांधणीचे साम्य. केवळ पडझड सारखी असून भागत नाही. इमारतींचा काळ, उंची, रस्त्यांची रुंदी आणि खिडक्या-दारांचे प्रमाण जुळावे लागते. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) या चित्रपटातील व्हिएतनामचे ह्यूए शहर लंडनच्या पूर्वेकडील बेक्टन येथील बंद गॅस कारखान्यात उभे केले. तेथील औद्योगिक इमारतींची धाटणी ह्यूएमधील काही भागांशी जुळत होती. स्पेनमधून ताडवर्गीय झाडे आणून उर्वरित उणीव भरून काढण्यात आली. शिवाय हा कारखाना पाडलाच जाणार असल्याने तेथे सुरुंग लावून इमारती फोडण्याची मुभा मिळाली.

दुसरी बाब म्हणजे ओसाडपणाचे वय. तीन दिवसांपूर्वी रिकामे झालेले शहर, तीन वर्षांपूर्वीचे आणि तीस वर्षांपूर्वीचे शहर ही तीन वेगळी दृश्ये होत. पहिल्यात दोरीवरचे कपडे तसेच असतात. दुसऱ्यात अंगणात तण माजते. तिसऱ्यात भिंतीतून झाड उगवते. हे वय प्रामुख्याने वनस्पती सांगतात आणि वनस्पती हवामानानुसार बदलतात. पूर्व विदर्भात पडक्या भिंतीच्या सांध्यात पिंपळ वा उंबर रुजतो, मोकळ्या आवारात घाणेरी, रानतुळस आणि तरोटा माजतो, पाणथळ कडेला बेशरम पसरते. पावसाळ्यानंतर चुन्याच्या भिंती शेवाळाने काळ्या पडतात. म्हणून थंड प्रदेशातील ओसाड शहराचा पर्याय म्हणून येथील जागा चालणार नाही. मात्र मोसमी पावसाच्या प्रदेशातील कोणत्याही परित्यक्त नगरासाठी ती जवळची ठरू शकते.

तिसरी बाब म्हणजे काय वगळावे लागेल याचा हिशेब. विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे, छपरांवरील डिश अँटेना, भिंतींवरील रंगीत जाहिराती हे सर्व झाकावे किंवा संगणकाच्या साहाय्याने पुसावे लागते. व्हिल्नियसमध्ये रहिवाशांनी आपापल्या सोयीने बसविलेल्या निरनिराळ्या नव्या खिडक्या ही मोठी अडचण ठरली होती. आवाजाचेही तसेच आहे. जवळून रेल्वे वा कोळशाचे ट्रक जात असतील तर तेथे शांततेचे दृश्य मुद्रित करणे कठीण होते.

चौथी बाब म्हणजे नियंत्रण. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागेत अन्य कोणी येणार नाही, याची खात्री असावी लागते. डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’ (२००२) या चित्रपटात लंडन शहरच ओसाड दिसते. त्यासाठी पहाटेच्या वेळी थोडा काळ रहदारी थांबवून, लहान डिजिटल कॅमेऱ्यांनी झटपट चित्रण करण्यात आले. म्हणजे काही मिनिटांचे पूर्ण नियंत्रण मिळाले तर गजबजलेले शहरही निर्जन दाखविता येते.

याशिवाय निवास, जनरेटर, रुग्णालयाचे अंतर, रस्ता आणि ऋतू यांचा विचार असतोच. एकच जागा सर्व निकष पूर्ण करील असे क्वचितच घडते. त्यामुळे वेस एका गावची, गल्ली दुसऱ्या गावची आणि घराचे आतील दृश्य स्टुडिओतील, अशी जुळवाजुळव केली जाते. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास मॉस्कोतील दृश्ये आणि वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउसचे दृश्य जोडून एकच सलग स्थळ असल्याचा आभास निर्माण केला होता. पर्यायी स्थळाचे संपूर्ण शास्त्र या संकलनतत्त्वावर उभे आहे.

प्रदेशाच्या निकटची उदाहरणे

दंडकारण्याच्या पार्श्वभूमीवरील ‘न्यूटन’ (२०१७) हा अमित मसुरकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट गडचिरोलीच्या अभ्यासकांना जवळचा वाटावा असा आहे. नक्षलग्रस्त जंगलातील अवघ्या ७६ मतदारांच्या केंद्रावर निवडणूक अधिकारी जातो. त्याच्या वाटेत जळालेले, रिकामे गाव लागते आणि मतदान केंद्र एका सोडून दिलेल्या शाळेत उभारले जाते, असे त्याचे कथानक आहे. चित्रपटाचे चित्रीकरण छत्तीसगडमधील दल्ली राजहरा परिसरात झाले. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारे हे खाणींचे गाव गडचिरोलीच्या सीमेपलीकडे काही अंतरावर आहे. दृश्य जंगलाचे हवे, परंतु पथकाला राहण्याची सोय, पक्का रस्ता आणि सुरक्षितताही हवी, ही दुहेरी गरज खाणीच्या गावात भागते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचा पर्याय शोधताना हाच विचार कळीचा ठरतो.

याच दिग्दर्शकाच्या ‘शेरनी’ (२०२१) या चित्रपटाचे कथानक यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणाशी साम्य असलेले आहे. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातील जंगलांत झाले. विदर्भाशी नाते सांगणारी कथा सातपुड्याच्या बाजूला चित्रित झाली, तरी सर्वसाधारण प्रेक्षकाला ती वेगळी वाटली नाही. कारण मध्य भारताच्या पानझडी वनांचे रूप राज्याच्या सीमेप्रमाणे बदलत नाही.

चंद्रपूर : सोडलेली राजधानी, न सुटलेली वस्ती

चंद्रपूरच्या स्थापनेची परंपरागत कथाच एका राजधानीच्या त्यागाची आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने वर्धा नदीकाठचे बल्लारपूर सोडून झरपट नदीच्या परिसरात नवे नगर वसविले, असे मानले जाते. परंतु राजधानी गेली म्हणून बल्लारपूर ओस पडले नाही. किल्ल्याचे अवशेष उरले आणि त्यांच्या भोवती कोळसा खाणी, कागद कारखाना व रेल्वे स्थानक यांचे गाव वाढले. किल्ल्याचा नदीकडील भाग चौकटीत घेतला तर परित्यक्त नगराचा आभास निर्माण होतो. कॅमेरा थोडा वळविला की नांदते शहर दिसू लागते.

चंद्रपूरचा परकोट तर याहून अधिक बोलका आहे. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या या तटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण या पाच खिडक्या आहेत. झाडाझुडपांनी वेढलेल्या या तटाच्या व बुरुजांच्या स्वच्छतेचे काम ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून हाती घेतले. पडद्यावरील ओसाडपणासाठी बुरुजावरची झाडी ही इष्ट गोष्ट असते. वास्तूच्या आयुष्यासाठी तीच झाडी घातक असते. चित्रपटाची गरज आणि वारशाचे हित यांतील हा विरोध येथे उघडपणे दिसतो. ओसाड दिसावे म्हणून एखादा वारसा मोडका ठेवणे कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरत नाही.

खाणींच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली वरोऱ्याची कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली. वरोरा गाव मात्र टिकून राहिले. आज घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूर या पट्ट्यात चालू खुल्या खाणी, मातीचे ढिगारे, कामगार वसाहती आणि जुन्या भूमिगत खाणी शेजारीशेजारी आहेत. हाशिमासारख्या खाणनगराचा भारतीय पर्याय म्हणून हा पट्टा दृश्यदृष्ट्या योग्य वाटतो. तथापि ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. त्या जागेखाली जुनी भूमिगत खाण होती. या घटनेनंतर आसपासच्या कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. अशी रिकामी घरे चित्रीकरणासाठी ‘तयार’ असल्यासारखी दिसतात. परंतु तेथील जमीन जड वाहने, क्रेन आणि शेकडो माणसांचे पथक पेलू शकेल याची शाश्वती नसते. शिवाय नुकत्याच घर गमावलेल्या माणसांच्या दारात काल्पनिक उद्ध्वस्ततेचा देखावा मांडणे उचित आहे काय, हाही प्रश्न उरतो.

रीठ गावे व पुनर्वसित गावे

विदर्भातील महसुली व्यवहारात वस्ती नसलेल्या गावाला ‘रीठ’ अशी संज्ञा आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक मौजांच्या नावांपुढे हा शब्द आजही लिहिलेला आढळतो. अशाच गावासाठी ‘बेचिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव, हाही शब्द जुन्या दप्तरांतून आलेला आहे. चित्रीकरणस्थळाचा शोध घेणाऱ्याला ही यादी मोठा खजिना वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात पाहणी केली असता बहुतेक रीठ गावांत पडकी घरे सापडत नाहीत. माती, कुड आणि कवेलू यांची घरे काही पावसाळ्यांत जमिनीला मिळतात. लाकूडफाटा लोक घेऊन जातात. उरतात ती चिंचेची वा मोहाची झाडे, एखादी विहीर आणि गावदेवाचे ठाणे.

परंतु या शब्दामागील खरे मर्म वेगळेच आहे. रीठ गावात घर नसले तरी शिवार असते. शेजारच्या गावातील शेतकरी तेथे कसतात, सातबारा त्यांच्या नावावर असतो आणि गावदेवाची पूजाही चुकत नाही. म्हणजे महसुली भाषेने ‘निर्जन’ आणि ‘बेवारस’ यांतील भेद जपलेला आहे. चित्रपटाच्या भाषेत हा भेद बहुधा पुसला जातो.

ताडोबा परिसरातील पुनर्वसित गावांतही हेच दिसते. १९५५ मध्ये घोषित झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ मधील अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे त्यानंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने बाहेर हलविण्यात आली. जुन्या गावठाणांची व शेतांची आता कुरणे झाली असून तेथे चितळ, गवे आणि वाघ वावरतात. पर्यटकाला ते मूळचेच माळरान वाटते. गाव सोडून गेलेल्या माणसाला मात्र तेथे आपले अंगण कोठे होते हे दाखविता येते. या गावांची आठवण पडद्यावर आणावयाची झाल्यास पर्यायी स्थळाखेरीज दुसरा मार्ग नाही. कारण मूळ गाव आता दृश्यरूपाने उरलेलेच नाही.

परवानगी व अधिकार

या दोन जिल्ह्यांतील स्थळांचे नियमन एकाच कायद्याने होत नाही. संरक्षित स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके विषयक कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र बांधकामास प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित मानले जाते. त्यामुळे नेपथ्य उभारण्याचा विचार आरंभीच तपासून घ्यावा लागतो. गडचिरोलीतील वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिरसमूहाच्या बाबतीत कायद्याखेरीज महाशिवरात्रीची यात्रा आणि नित्यपूजा यांचे भानही ठेवणे भाग आहे. ते भग्न दिसले तरी चालते देवस्थान आहे.

अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात बदल न करता व वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होता चित्रीकरण करता येईल, अशी अट त्यात स्पष्टपणे घातली आहे. खाणक्षेत्रात खाण सुरक्षा महानिदेशालयाचे नियम बंधनकारक असतात.

गडचिरोलीचे वैशिष्ट्य असे की येथे ग्रामसभेचे स्थान मोठे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क प्राप्त झाले. त्यामुळे नकाशावर रिकामे दिसणारे रान हे एखाद्या गावाचे बांबूचे, तेंदूचे, मोहाचे रान असते. केवळ शासकीय कार्यालयातील परवान्यावर तेथे प्रवेश करणे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे आणि उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४७ अंशांपर्यंत जाते. अशा प्रदेशात स्थानिकांच्या सहकार्याशिवाय मोठे पथक सुरक्षित ठेवता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की पर्यायी चित्रीकरणस्थळाचा शोध म्हणजे केवळ सारख्या दिसणाऱ्या जागेचा शोध नव्हे. बांधणीचे साम्य, ओसाडपणाचे वय, वगळावयाच्या गोष्टी, नियंत्रण आणि सुरक्षितता या निकषांवर अनेकदा खरी ओसाड जागा नापास होते आणि नांदती जागा उत्तीर्ण होते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांची उपयुक्तताही संपूर्ण ओसाड नगरात नसून तटाचा एखादा भाग, नदीकाठचा बुरुज, कामगार वसाहतीतील वापरात नसलेली रांग अशा जुळविता येण्याजोग्या अंशांत आहे.

त्याचबरोबर या प्रदेशाने ‘निर्जन’ या शब्दाची मर्यादाही दाखवून दिली आहे. बल्लारपूरची राजधानी गेली पण गाव राहिले; रीठात घर नाही पण शिवार आहे; पुनर्वसित गावाचे कुरण झाले पण त्याचे लोक हयात आहेत. म्हणून कोणतीही जागा ओसाड म्हणून नोंदविण्यापूर्वी ती कोणाची आहे, माणसे तेथून का व केव्हा गेली, आता कोठे आहेत, तेथे कोणाचे येणेजाणे व पूजाअर्चा आहे आणि जमीन किती सुरक्षित आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत.

हे काम चित्रपट व्यावसायिकांवर सोपवून भागणार नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, समाजशास्त्र व मराठी विभागांना आपापल्या तालुक्यातील रीठ गावे, जुन्या वसाहती आणि पडक्या वास्तू यांची अशी नोंदवही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून तयार करता येईल. रीठ गावात राहिलेल्या वा तेथील आठवणी ऐकलेल्या वृद्धांची पिढी मावळत आहे. चित्रीकरणासाठी कोणी येवो वा न येवो, ही नोंद स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडेल. आणि कोणी आलेच, तर रिकाम्या दिसणाऱ्या त्या जागेविषयी कोणाला विचारावयाचे, हे तरी त्यास सांगता येईल.